मानेवर दिसणारं काळीज

तुळजापुरात गोंधळी संबळाच्या ठेक्यावर आवाज चढवत नेतो, तेव्हा दिवटीच्या उजेडात त्याच्या मानेवर एक शीर उभी राहते. जबड्याच्या कोपऱ्यामागून निघून ती मानेच्या तिरक्या स्नायूवरून खाली उतरते आणि हासळीच्या हाडामागे जाते. लांब तानेत छातीतला दाब वाढतो, डोक्याकडून परतणाऱ्या रक्ताला वर थांबावं लागतं. श्वास सुटला की शीर दिसेनाशी होते.

ही झाली बाहेरची शीर. खरी मोठी आत, स्नायूखाली दडलेली असते. कवटीच्या तळाशी एक वेडंवाकडं छिद्र आहे; मेंदूचं बहुतेक रक्त घेऊन ती तिथून बाहेर पडते. मानेत ती एकाच वेष्टनात धमनी आणि हृदयाचा वेग आवरणारा मज्जातंतू यांच्या शेजारी असते. डावीकडची वळण घेऊन छातीत पोचते, उजवीकडची मात्र जवळजवळ सरळ रेषेत हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याकडे उतरते.

या सरळपणाचा डॉक्टरांना मोठा उपयोग. गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन भिंतींची पातळी जुळवतो; उजव्या मानेतली शीर तशीच हृदयातल्या दाबाची पातळी दाखवते. रुग्णाला उशीला टेकवून साधारण 45 अंशांत बसवायचं, तोंड जरा डावीकडे वळवायचं, उजेड बाजूने घ्यायचा. धमनी बोटाला ठोका देते. शीर एका ठोक्यात दोनदा थरथरते, पण बोटाला काही लागत नाही, आणि श्वास आत घेतला की थरथर खाली सरकते. छातीच्या मधल्या हाडावरच्या उंचवट्यापासून ही थरथर किती वर आहे ते मोजायचं. तीन सेंटिमीटरपर्यंत ठीक. हृदयाचा कप्पा त्या उंचवट्याच्या सुमारे पाच सेंटिमीटर खाली धरतात, म्हणून त्यात पाच मिळवायचे. ही सोपी रीत लंडनच्या थॉमस लुईस यांनी 1930 मध्ये मांडली. त्याआधी बर्नली या गिरणगावात साधी प्रॅक्टिस करणाऱ्या जेम्स मॅकेन्झी यांनी मानेच्या लाटा कागदावर उतरवून घेतल्या होत्या. नाडीवरचं त्यांचं पुस्तक 1902 चं.

चुलीच्या धुरात आयुष्य गेलेली म्हातारी ‘पायाला सूज आलीय’ म्हणून दवाखान्यात येते. फुप्फुसं कडक झालेली, त्यांत रक्त ढकलून हृदयाची उजवी बाजू थकलेली. डॉक्टर पायाआधी मान बघतात; शीर कानाच्या पाळीपर्यंत भरलेली असते. याउलट, उन्हात ऊसतोड करून चक्कर आलेल्या मजुराला आडवं केलं तरी मान सपाटच राहिली, तर अंगातलं पाणी आटलंय असं समजायचं. क्षयाने हृदयाचं आवरण आवळलं गेलं असेल तर आणखी नवल. श्वास आत घेताना शीर उतरायच्या ऐवजी फुगते. जर्मन वैद्य कुसमाउल यांनी 1873 मध्ये हे टिपलं.

जनावरांचे डॉक्टरही मानच बघतात. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा प्रसिद्ध, म्हणजे दावणीला दुभती जनावरं आलीच. गाय-म्हैस चारा निवडून खात नाही, जिभेने ओढून घेते. कडब्यातला तारेचा तुकडा तसाच पोटाच्या जाळीदार कप्प्यात जातो. तिथून हृदय फार लांब नाही, मध्ये फक्त पडदा. पोट आकसताना तार पुढे सरकते आणि हृदयाच्या आवरणात घुसते. जनावर कोपर बाहेर काढून उभं राहतं, उतारावरून चालायला मागत नाही, कण्हतं. मग गळ्याखालच्या पोळीला सूज येते आणि मानेची शीर बोटाएवढी जाड होते. डॉक्टर ती मानेच्या मध्यावर दाबून धरतात. निरोगी जनावरात दाबाच्या खालची, हृदयाकडची बाजू रिकामी होते. इथे ती भरलेलीच राहते. या टप्प्यावर पोचलेलं जनावर क्वचितच वाचतं.

उस्मानाबादी शेळीला हा धोका कमी, कारण ती ओठांनी पान पान निवडून खाते. बहुतेक काळी, बऱ्याचदा जुळी देणारी ही जात याच भागातली. तिच्या रक्ताचा नमुना घ्यायचा तर मानच धरावी लागते. एकाने हनुवटी उचलून मान जरा वळवायची, दुसऱ्याने केस कापून श्वासनळीशेजारच्या खळग्यात अंगठा रोवायचा. अंगठ्याच्या वर शीर टचकन भरून येते. सुईतून काळपट लाल रक्त संथ आलं तर ठीक. लालभडक उसळलं तर सुई धमनीत गेली, ती काढून जागा दाबून धरायची.

व्याल्यावर कॅल्शियम उतरून आडव्या पडलेल्या गायीला बाटली याच शिरेतून लावतात. एक माणूस बाटली धरतो, डॉक्टरांचे कान हृदयाच्या ठोक्यांकडे. औषध थेट हृदयाकडे जातं. घाईने सोडलं तर तेच हृदय थांबवतं. ठोका अडखळला की बाटली खाली येते.

माणसाच्या अतिदक्षता विभागात उजव्या मानेतली हीच वाट वापरतात. नळी घालताना सोनोग्राफीवर शीर आणि धमनी शेजारी शेजारी दिसतात. प्रोब दाबला की शीर चपटी होते, धमनी गोल राहते. त्या वेळी रुग्णाचं डोकं पायांपेक्षा खाली ठेवतात. बसलेल्या माणसाच्या मानेत शिरेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी पडतो. शीर उघडी राहिली आणि त्याच वेळी खोल श्वास घेतला गेला, तर रक्त बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. म्हणून डायलिसिससाठी मानेत नळी असलेल्या रुग्णाला घरी पाठवताना नर्स बजावते: टोपणं स्वतः उघडायची नाहीत, पट्टी भिजवायची नाही, आणि नळी ओढली गेलीच तर लगेच आडवं होऊन जागा घट्ट दाबून धरायची, मग दवाखाना गाठायचा.