रात्रभराचा शोरबा

निफाडची थंडी दरवर्षी वर्तमानपत्रात येते. पारा किती उतरला, द्राक्षबागांमध्ये शेकोट्या कशा पेटवल्या, याच्या बातम्या छापल्या जातात. त्याच दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावांत कसायाकडे पायांची मागणी वाढते. ती बातमी कुठे येत नाही, पण मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक असते.

बकऱ्याचे पाये हा मुळात गरिबाचा पदार्थ. मांस परवडत नसे त्या घरात खूर आणि हाडं यायची. त्यांत खायला थोडंच असतं. जे असतं ते चामडी, शिरा आणि हाडाच्या सांध्यात. हे सगळं विरघळून पाण्यात यायला वेळ लागतो, आणि हा वेळ कुणाचा, हा प्रश्न आपल्याकडे कधी विचारला गेला नाही.

आमच्या घरी तो अम्मीचा होता. पाये आले की आधी ते जाळावर भाजायचे, केस जळाले की सुरीने खरडायचे, गव्हाचं पीठ आणि हळद लावून चोळायचे, चार पाण्यांनी धुवायचे. मगरिबनंतर कलईची देगची चुलीवर चढायची. झाकणाच्या कडेला कणीक थापायची, वर निखारे ठेवायचे. मग फजरच्या अजानपर्यंत आच ना वाढली पाहिजे ना विझली पाहिजे. बाभळीची लाकडं चांगली धग धरतात, पण त्यांनाही कुणीतरी पुढे सारावं लागतं. अम्मी रात्रीतून तीन-चारदा उठायची. थंडीत गोधडीतून बाहेर पडायचं, फुंकणीने जाळ करायचा, डोळे चोळत परत यायचं. सकाळी दादी एक तुकडा बोटांनी दाबून बघायची. हाडापासून सुटला तर काही बोलायची नाही. नाही सुटला तर दिवसभर बोलायची. आधी पुरुष आणि मुलं बाजरीच्या भाकरीचा काला करून खायची. अम्मीच्या वाट्याला देगचीच्या तळाचं यायचं.

1978 साली अम्मीने कुकर आणला. शेजारणींचे ब्लाउज शिवून साठवलेले पैसे होते, नाशिकच्या भांडीबाजारातून घेतला. भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टिजचे कुकर 1959 पासून बनू लागले होते. आमच्या बावर्चीखान्यात पोहोचायला त्याला आणखी एकोणीस वर्षं लागली. दादी म्हणाली, "शिट्टी मारनेवाली हांडी हमारे घर में नई चलेगी." अम्मीने उत्तर दिलं नाही. पाये धुऊन कुकरात घातले. पहिल्या शिट्टीला दादी उठून अंगणात जाऊन उभी राहिली. भांडं फुटतं असं तिने ऐकलं होतं. जेवताना मात्र एवढंच म्हणाली, "मसाला कम पडा." तुकडा दाबून बघितला नाही.

त्या रात्री अम्मी झोपली. वाचलेल्या वेळात तिने काय केलं, असं मला एकदा एका मैत्रिणीने विचारलं होतं. तिला बहुधा वाटलं असावं, अक्षरं गिरवली असतील, बचत गट काढला असेल. नाही. ती झोपली.

पुढे वाचताना कळलं, की हे भांडं जन्माला आलं तेच हाडं शिजवण्यासाठी. दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1679 साली लंडनमध्ये ते रॉयल सोसायटीपुढे मांडलं आणि 1681 साली हाडं मऊ करण्याच्या या यंत्रावर पुस्तकही काढलं. आज आपण जिला शिट्टी म्हणतो, तिचं मूळ त्याच्या सुरक्षा झडपेत आहे. पापँ प्रोटेस्टंट होता. 1685 मध्ये फ्रान्सच्या राजाने त्या पंथाला दिलेली मुभा काढून घेतली आणि त्याला मायदेशी परतायची वाट उरली नाही. परक्या मुलुखात राहून त्याने आपलं काम केलं. दादी असती तर तिला हे सांगितलं असतं.

यामागचं शास्त्र साधं आहे. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांना उकळतं, त्यापुढे कितीही जाळ घाला, तापत नाही. कुकरात वाफ कोंडली की ते साधारण एकशेवीस अंशांपर्यंत जातं. शिरांतलं आणि चामडीतलं कोलॅजन मग झपाट्याने सुटतं, त्याचं जिलेटिन होतं. थंडीत उरलेला शोरबा सकाळी थिजून जेलीसारखा हलतो, तो यामुळेच. हाड मोडलेल्याला पाये द्यावेत असं आपल्याकडे म्हणतात. हाडांतलं कॅल्शियम पाण्यात फारच थोडं उतरतं, हे खरं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला काहीतरी गरम गळ्याखाली उतरतं, हेही खरंच. समोरच्या वाड्यातल्या काकूंच्या घरी मांस शिजत नसे. त्यांच्या मुलाचा हात मोडला तेव्हा त्या मागच्या दाराने स्टीलचा डबा घेऊन आल्या. अम्मीने काही विचारलं नाही. "तासाभराने या," म्हणाली. चुलीच्या दिवसांत असं चटकन म्हणता आलं नसतं.

"कुकरच्या पायांना ती चव नाही," असं आजही दावतीत कुणीतरी म्हणतंच. म्हणणारा बहुतेक पुरुष असतो आणि त्याने रात्री चूल फुंकलेली नसते. आपल्या आठवणींच्या लेखांतही देगचीचं कौतुक भरपूर येतं. जागणारी बाई येते ती धुरामागे, पुसटशी. तरी तक्रारीत तथ्य आहे. चुलीवर पाणी रात्रभर थोडं थोडं आटत जातं, धुराचा वास लागतो. कुकरात काही आटत नाही, म्हणून शोरबा पाणचट राहतो. यावर उपाय आहे. आठ पायांना कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ आणि पोटलीत बांधलेला खडा मसाला घालावा. आधी उघडंच उकळून वरचा फेस काढावा, नाहीतर तो वाफेच्या नळीत अडकतो. कुकर दोन-तृतीयांशाहून जास्त भरू नये. पहिली शिट्टी झाली की आच कमी करून पाऊण तास ठेवावं. आपल्या बायका शिट्ट्या मोजतात; मिनिटं मोजावीत, शिट्टीचा भरवसा नाही. वाफ आपोआप जिरू द्यावी. मग झाकण काढून पंधरा-वीस मिनिटं खळखळ उकळावं, वरून तांबूस कांद्याची आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची फोडणी द्यावी. लिंबू, कोथिंबीर. चवीचा उरलेला फरक धुराचा. तो हवा असेल त्याने स्वतः चूल पेटवावी.

अम्मी आता सत्तरीच्या पुढे आहे. बोटांत जोर राहिला नाही, कुकरचं झाकण मी लावून देते. शिट्टी झाली की गॅस बारीक करायला मात्र ती स्वतःच उठते, कुणाला हात लावू देत नाही, आणि परत येऊन शाल ओढून पडते.