समुद्रकाठी दोन रात्री

वाचकहो, लग्न झाल्यापासून तुम्ही नवरा-बायको दोघेच, काही कामाशिवाय, परगावी किती रात्री राहिला आहात? जरा बोटांवर मोजून पाहा. लग्नकार्य, बाळंतपण, दवाखाना, कोर्टकचेरी आणि देवदर्शन त्यात धरू नका. आम्ही मोजले तेव्हा चौतीस वर्षांच्या संसारात उत्तर आले शून्य. पंढरीची वारी दोघांनीही केली, पण एकाच वर्षी नाही. एकाने गुरांपाशी राहायलाच हवे ना!

आम्ही माणदेशातले कोरडवाहू शेतकरी. मुलगा अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने आम्हा दोघांना बोलावून घेतले. तिथे एक दिवस म्हणाला, "अप्पा, तुम्ही आणि आई दोन रात्री समुद्रावर राहून या. मी सोडतो आणि न्यायलाही येतो." सौ. म्हणाल्या, "दोघंच? आणि तिथं करायचं काय?" मुलगा म्हणाला, "काही करायचं नाही. तेवढंच काम आहे." त्या दोन रात्रींची ही हकिगत आहे. परदेशच्या गोष्टी सांगून तुम्हाला दिपवावे असा हेतू नाही. तिथे एक जुनी इमारत पाहिली आणि तिच्यातून घरी आणण्याजोगे काही सापडले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

वाटेवरची शेती

न्यू जर्सीला तिथले लोक 'बागांचे राज्य' म्हणतात. दक्षिणेकडे निघालो की शहरे मागे पडतात आणि पाइन वृक्षांचे रान लागते. जमीन पांढुरकी, वाळूमिश्रित आणि आंबट गुणाची. आपण म्हणू, हिच्यात काय पिकणार? पण ह्याच रानात एलिझाबेथ व्हाइट नावाच्या शेतकरी घराण्यातील बाईंनी रानातली निळी बोरे बागेत आणली. मोठी फळे येणारी झुडपे त्यांनी रानात हिंडणाऱ्या लोकांकडून शोधून घेतली, फ्रेडरिक कोव्हिल ह्या शास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांची निवड आणि संकर केले, आणि १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले. ज्या जमिनीला नावे ठेवली जात होती, तिच्याच गुणाचे पीक शोधले. हे ऐकून आम्हाला आपल्या माळावरच्या डाळिंबाची आठवण झाली.

दोन-अडीच तासांत आम्ही वाइल्डवुड ह्या समुद्रकाठच्या गावी पोहोचलो. त्याला लागूनच वाइल्डवुड क्रेस्ट नावाचे गाव आहे. तिथे आमची उतरण्याची सोय केली होती. त्या जागेचे नाव 'कॅरिबियन मोटेल'.

मोटेल म्हणजे काय?

'मोटर' आणि 'हॉटेल' हे दोन शब्द जोडून 'मोटेल' शब्द झाला. कॅलिफोर्नियात सॅन लुइस ओबिस्पो गावी १९२५ साली अशा नावाची पहिली जागा उघडली. कल्पना साधी. मोटारीने आलेल्या माणसाने गाडी थेट खोलीपुढे लावावी, वळकटी उचलावी आणि आत जावे. ना दरवान, ना भपका.

आमची मोटेल पाहून सौ. पटकन म्हणाल्या, "ही तर चाळ की हो!" आणि ते खरेच होते. दोन मजले, एका ओळीत खोल्या, पुढे सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी. फरक एवढाच, की मध्ये चंद्रकोरीच्या आकाराचा पोहण्याचा तलाव आणि भोवती नारळासारखी झाडे. सौ.नी झाडाखाली उभे राहून वर पाहिले. "ह्याला नारळ का नाहीत?" त्यावर मुलाला हसू आवरेना. ती झाडे प्लॅस्टिकची होती. हिवाळ्यात तिथे बर्फ पडते, खरा माड कसा तगेल? गावात प्लॅस्टिकचे माड प्रथम ह्याच मोटेलने लावले, असे सांगतात.

ही इमारत १९५७ सालची. बांधणाऱ्याचे नाव लू मोरी. नाव ऐकून आपल्याकडचे मोरेच कुणी असावेत असे वाटते, पण तो तिथलाच बांधकाम करणारा माणूस. त्या काळात ह्या गावांत मिळून तीनशेच्या आसपास मोटेले उभी राहिली. ती कोणासाठी? राजेरजवाड्यांसाठी नव्हे. फिलाडेल्फियासारख्या शहरांतले कामगार, छोटे दुकानदार, कारकून ह्यांच्यासाठी. दुसरे महायुद्ध संपले होते, कामगाराला पगारी रजा मिळू लागली होती, हप्त्याने मोटार घेता येत होती आणि समुद्राकडे नवा रस्ता आला होता. वर्षभर यंत्रावर राबणाऱ्या माणसाने आठवडाभर बायकामुलांना घेऊन यावे, त्याला विमानाने दूरच्या बेटावर जाणे परवडत नाही तर बेटाचा थाट इथेच दाखवावा, म्हणून ते माड, ते चटक रंग आणि रात्री पेटणारी ती निऑनची नावे.

आणखी एक गोष्ट आम्हा शेतकऱ्यांना लगेच समजली. हा धंदाही एकाच हंगामाचा. जून ते ऑगस्ट हेच खरे सुगीचे दिवस. थंडी पडली की गाव ओस. तीन-चार महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचे. उन्हाळा पावसाचा गेला तर हंगाम बुडाला. तिथल्या समुद्राकाठीही माणसे आभाळाकडेच पाहत असतात!

पाडायचे की राखायचे?

पुढे दिवस बदलले. लोक विमानाने लांब जाऊ लागले आणि मोटेले जुनाट दिसू लागली. २००० सालानंतर जमिनीचे भाव चढले. इमारत पाडून तिथे उंच सदनिका बांधल्या तर एका रकमी पैसा मिळत होता. एकामागून एक मोटेले जमीनदोस्त झाली. २००६ साली अमेरिकेतल्या वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने देशातल्या सर्वांत धोक्यात आलेल्या अकरा ठिकाणांच्या यादीत ह्या मोटेलांचे नाव घातले.

पण गावातली काही माणसे त्याआधीच जागी झाली होती. १९९७ च्या सुमारास स्टीव्ह आयझेनॉर नावाच्या वास्तुशिल्पकाराने विद्यापीठांतील विद्यार्थी आणून ह्या इमारतींचा अभ्यास केला. "ज्याला तुम्ही भंगार म्हणता तेच तुमच्या गावाचे भांडवल आहे," असा त्या अभ्यासाचा मथितार्थ होता. त्याच सुमारास गावात ह्या इमारती जपणारे मंडळ स्थापन झाले. १९५० नंतरच्या दशकातील गाण्याच्या एका प्रकारावरून ह्या बांधणीला 'डू-वॉप' हे गमतीचे नाव पडले आहे. एक जुने उपाहारगृह पाडले जाणार होते, तर लोकांनी ते सांगाड्यासकट सुटे करून ठेवले आणि दुसऱ्या जागी पुन्हा उभारले. आज तिथे ह्या सगळ्याचे संग्रहालय आहे. आपण जुन्या वाड्याच्या तुळया आणि खांब क्रमांक घालून उतरवून ठेवतो ना, तसेच!

आमच्या मोटेलवरही हातोडा पडायची वेळ आली होती. २००४ मध्ये नव्या मालकांनी ती घेतली आणि पाडण्याऐवजी दुरुस्त केली. २००५ साली तिची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाली. किल्ला नव्हे, राजवाडा नव्हे; कामगारांनी सुट्टीत उतरायची साधी दोन मजली जागा! मला ह्याचेच नवल वाटले.

दुरुस्ती कशी केली ती मी निरखून पाहिली. घर बांधलेल्या माणसाची नजर दुसरीकडे जातच नाही. तोंडवळा जुनाच ठेवला आहे. निऑनची पाटी, तलावाची चंद्रकोर, वरच्या मजल्याकडे जाणारी तरंगल्यासारखी उताराची वाट, सगळे जुन्या घाटाचे. पण रोजच्या गरजेच्या सोयी आजच्या काळाच्या. खाट, न्हाणीघर, नळ, वारा थंड करणारे यंत्र, फ्रीज, कशातच कुचराई नाही. उताराच्या वाटेवर तर सौ. खूश झाल्या. त्यांचे गुडघे दुखतात. जिना न चढता वर जाता आले.

हात रिकामे राहीनात

पहिल्या दिवशी सौ.ना चैन पडेना. खोलीत आल्याबरोबर त्यांनी केरसुणी शोधली. सकाळी मी उठायच्या आत अंथरुणाच्या घड्या घालून ठेवल्या. खोली आवरायला येणारी मुलगी ते पाहून हसली. तीही दूरच्या देशातून केवळ हंगामापुरती कामाला आलेली, कॉलेजात शिकणारी. सौ.नी तिला सूनबाईंनी बांधून दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिली. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. चटणी खाऊन तिने डोळे पुसले आणि पुन्हा हात पुढे केला. बाकी सांगायला नकोच.

संध्याकाळी आम्ही समुद्रावरच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर गेलो. तो सुमारे चार किलोमीटर लांब आहे. दोन्हीकडे दुकाने, पाळणे, जत्रेसारखी गर्दी. मधून पिवळ्या-निळ्या रंगाची लहानशी गाडी फिरते. न्यूयॉर्कच्या १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी तशा गाड्या बनवल्या होत्या, त्या १९४९ पासून इथे आहेत. "गाडीकडे लक्ष द्या" असे तिच्यातली बाई वाजवलेल्या तबकडीसारखे एकसारखे बजावत असते. ह्या गावाने जुने काही टाकून देऊ नये असे व्रतच घेतले आहे की काय, असे वाटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुळणीवर गेलो. तिथल्या समुद्रावर जायला पैसे पडत नाहीत. पुळण इतकी रुंद, की पाण्यापर्यंत पोहोचायला चांगलीच पायपीट होते. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो, तिथे तो समुद्रातून वर येतो. आम्ही वाळूत बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सौ. म्हणाल्या,

"अहो, तेरा सालच्या छावणीत मी गुरांपाशी होते ना, तेव्हा रात्री टँकरचा आवाज येतो का म्हणून कान लावून पडायची. आता लाटांचा आवाज ऐकून तेच आठवलं. एवढं पाणी, आणि एक घोटसुद्धा पिण्याजोगं नाही!"

आणि त्या हसल्या. मग छावणीतल्या कितीतरी गोष्टी निघाल्या. खिलार गाय आजारी पडली ती रात्र, शेजारच्या गोठ्यातली म्हातारी, शेणाच्या धुरात केलेला स्वयंपाक. अकरा वर्षांहून जुन्या ह्या गोष्टी मी पहिल्यांदा ऐकत होतो. घरी त्या निघाल्या नसत्या. घरी बोलणे होते ते मोटारीचे, विजेचे, औषध फवारणीचे. मनातले बोलायला रिकामा वेळ लागतो, आणि शेतकऱ्याच्या घरात नेमका त्याचाच दुष्काळ.

शेवटी त्यांनी मुख्य गोष्ट काढली. आमचे घर पाच खणांचे, माळवदाचे. ते पाडून स्लॅबचे बांधायचे असे मुलाचे आणि माझे जवळजवळ ठरले होते. गवंड्याशी बोलणेही झाले होते. सौ. म्हणाल्या, "त्या चाळीला एवढं जपलंय. आपलं माळवद का पाडायचं? उन्हाळ्यात त्याच्याखाली पंखा लागत नाही. संडास-न्हाणी मागं नवी बांधा, वायर नवी घाला, कुजलेल्या तुळया बदला. पण घर राहू द्या." हे त्यांच्या मनात वर्षभर होते. विचारायला कोणाला सवड झाली नव्हती.

घरी आल्यावर

आम्ही गावी आल्यावर जाणत्या सुताराला बोलावून माळवद तपासून घेतले. दोन तुळया वाळवीने खाल्लेल्या निघाल्या, बाकीचे सागवान ठणठणीत. वरची पांढरी माती धुपली होती, ती पावसाळ्यापूर्वी नव्याने चोपून बसवली. मागच्या बाजूला न्हाणी आणि संडास पक्का बांधला. मुलानेही मोठ्या आनंदाने पैसे पाठवले.

प्रत्येक जुने घर राखावेच असे मी म्हणत नाही. भिंत फुगून ओळंब्यातून सुटली असेल, पाया खचला असेल, तर मायेपोटी जीव धोक्यात घालू नये. पण पाडण्यापूर्वी एकदा नीट तपासावे, आणि त्या घरात ज्या बाईचा दिवस जातो तिला आधी विचारावे.

जे घराचे, तेच माणसाचे. रोज वापरातल्या वस्तूला वेळेवर डागडुजी लागते. इंजिनाला आपण तेलपाणी करतो, बैलाला खांदेमळणीला हळद-लोणी लावतो, पोळ्याला एक दिवस जू उतरवतो. नवरा-बायकोच्या मानेवरचे जू कधी उतरायचे? त्यासाठी अमेरिका कशाला हवी? आपल्या महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून अधिक लांबीचा किनारा आहे. मालवण, गुहागर, दिवेआगर, कितीतरी गावांत घरगुती राहण्याची सोय होते, जेवण साधे आणि ताजे मिळते. एस.टी. जाते. गर्दीचे सण टाळून, कामाला उसंत असेल तेव्हा दोन रात्री जाऊन यावे.

"आणि गुरे?" हा प्रश्न तुम्ही विचारणारच. पेरणीला, मळणीला आपण एकमेकांत सावड करतो. तशीच ह्याचीही करावी. दोन दिवस शेजाऱ्याने तुमच्या धारा काढाव्यात, पुढे दोन दिवस तुम्ही त्याच्या. आमच्या आळीत तीन घरांनी अशी सावड धरली आहे. पहिली पाळी शेजारच्या जोडप्याची होती. ती दोघे गुहागरला जाऊन आली. त्यांच्या म्हशींच्या धारा मी काढल्या, आणि पहिल्या दिवशी एकीने लाथही मारली.