टोपीकर ते साहेब

हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये वसलेल्या आमच्या नवनगरात कोंकणी, मराठी आणि कानडी या तिन्ही भाषा आमच्या कानांवर पडतात. त्यामुळे गोऱ्या लोकांना ठेवलेली टोपणनावेही आमच्या पदरी तिहेरी आली. गोमंतकातून आलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'पाखलो', मराठीत 'टोपीकर', कानडीत 'परंगी'. मुलांना ती ऐकवली की हसू येते. आम्हांला मात्र ती नुसती हसण्यावारी नेण्याजोगी वाटत नाहीत.

'परंगी' म्हणजे आपला 'फिरंगी'च. मूळ नाव फ्रँक लोकांचे. अरब आणि इराणी यांच्या मुखांतून ते इकडे आले, आधी पोर्तुगीजांना चिकटले आणि मग इंग्रजांनाही. मराठ्यांच्या सरळ पात्याच्या तलवारीला फिरंग म्हणत, भावप्रकाशात उपदंशाला फिरंगरोग म्हटले आहे, आणि म्हैसूरकडे पपई म्हणजे परंगी हण्णु! शस्त्र, व्याधी आणि फळ. परक्यांकडून काय काय आले याची यादीच जणू एका शब्दाने ठेवली.

'टोपीकर' या नावात पागोटेवाल्याची थट्टा आहे खरी. पण अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात हा शब्द योजिला, तेव्हा त्यांना थट्टा सुचलेली दिसत नाही. हे इतरांसारखे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, यांना समुद्रकाठी ठाणे देऊ नये, असे त्यांनी बजावले. प्लासीची लढाई पुढे 1757 साली झाली. टोपी सर्वांना दिसली. टोपीखालचा हेतू अमात्यांना दिसला.

आणि 'इष्टुर फाकडा'? जानेवारी 1779 मध्ये कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन जेम्स स्ट्युअर्टला मराठ्यांनी दिलेले हे नाव. 'इष्टुर' हा अपभ्रंश, 'फाकडा' ही शौर्याची पदवी. वडगाव मावळात त्याची समाधी आहे. शत्रूला अशी पदवी बरोबरीने लढणाराच देऊ शकतो.

1818 साली पेशवाई बुडाली आणि ही बरोबरी संपली. मग घरात, दार लोटून, 'ताम्रमुख' नि 'लालतोंड्या'. कचेरीत मात्र 'साहेब'. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ सोबती, हे साहेबालाही ठाऊक नसावे! आमच्या मते शिवीपेक्षा या आदराच्या शब्दानेच आपला कणा अधिक वाकविला.

1947 साली इंग्रज गेले, शब्द राहिला. आमच्याकडच्या कचेऱ्यांत आजही 'साहेबरु अदारेन्री?' अशी विचारणा होते. खुर्चीवर आपलाच माणूस असतो, डोक्यावर टोपी नसते. तरी विचारणारा आवाज खाली आणतो आणि दाराशीच थांबतो.