सोळा कोअर आणि एकटा राबणारा

ऑफिसात नवा डेटाबेस सर्व्हर आला. जुना ८ कोअरचा, हा १६ चा. महिनाअखेरचा विक्रीचा रिपोर्ट आता निम्म्या वेळात येणार असं सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. अकाउंट्सवाल्यांनी तर घरी "आज लवकर येतो" म्हणून फोनही करून टाकले. पूर्वी ५० मिनिटं लागायची, नव्या मशीनवर लागली ४७! टॉप लावून बघितलं, तर एक कोअर शंभर टक्के राबतोय आणि बाकीचे १५ माश्या मारतायत.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला एक वेगळी प्रोसेस असते. वेबसाइटवर एकदम २०० जण आले की ऑपरेटिंग सिस्टिम त्या प्रोसेस सगळ्या कोअरवर आपणहून वाटते. पण एकच अवजड क्वेरी म्हणजे एकच प्रोसेस, एकच कोअर. लग्नात १६ वाढपी ठेवले आणि बुंदीचं पातेलं एकाच्याच हातात दिलं, तर पंगत कधी उठायची? एक क्वेरी अनेक प्रोसेसमध्ये वाटून घ्यायची सोय आली २०१६ मध्ये, ९.६ आवृत्तीत, तीही बंद ठेवलेली. २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून ती चालू असते, मूळ प्रोसेसला फार तर २ मदतनीस.

मग आमचे २ कुठे गेले? एक्सप्लेनमध्ये 'गॅदर' हा शब्दच नाही! सेटिंग ४ केलं, ८ केलं... ढिम्म. एव्हाना "अजून मोठं मशीन मागवूया का?" अशी कुजबुज सुरू झाली होती. (दुसऱ्याच्या पैशाने हार्डवेअर घ्यायला आपल्याकडे सगळेच पुढे.) शेवटी क्वेरीतला एकेक कॉलम काढत गेलो आणि सापडलं, रक्कम राउंड करणारं ४ ओळींचं फंक्शन. आपण लिहिलेलं फंक्शन, काहीच सांगितलं नाही तर, पोस्टग्रेस 'पॅरलल अनसेफ' धरतं. असं एक जरी क्वेरीत असलं तरी अख्खी क्वेरी एकट्याने चालते. एरर नाही, वॉर्निंग नाही.

'पॅरलल सेफ' असं लिहायला एक ओळ पुरते. गंमत म्हणजे ते खरं आहे का, हे पोस्टग्रेस तपासत नाही, आपल्या शब्दावर विश्वास ठेवतं. टेबलात लिहिणारं किंवा सिक्वेन्स पुढे सरकवणारं फंक्शन असं खपवलं, तर एरर येईल नाहीतर आकडे चुकतील. आमचं बिचारं नुसता गुणाकार-भागाकार करत होतं, तरी जुन्या-नव्या रिपोर्टच्या बेरजा पैशापर्यंत जुळवून बघितल्या.

२ मदतनीस घेऊन १८ मिनिटं. ६ घेऊन ११.

आता सगळ्यांनाच ६ द्या, अशी टूम निघाली. तिला मी ठाम नाही म्हटलं. वर्क मेमची मर्यादा प्रत्येक प्रोसेसला वेगळी लागते. आमच्याकडे ती २५६ एमबी, म्हणजे ७ प्रोसेस मिळून एकाच सॉर्टला १७९२ एमबीपर्यंत खाऊ शकतात. शिवाय अख्ख्या सर्व्हरचे मिळून मदतनीस मुळात ८ च. एका रिपोर्टने ६ पळवले की दुसऱ्याला उरतात २, आणि तेही कुणाला न सांगता. म्हणून ६ चं सेटिंग फक्त रिपोर्टच्या युजरला दिलं, वेबसाइटच्या युजरला शून्य.

८ मदतनीसही देऊन पाहिले. वेळ ११ मिनिटंच. आता कोअर मोकळे आहेत आणि सगळे डिस्कच्या रांगेत उभे आहेत.