लेझरचं लाल बटण कुठंय?

यात्रा, जयंती, गणपती आले की बंदोबस्ताच्या बैठका होतात. बातमीदार म्हणून बरीच वर्षं या बैठकांना बसतोय. डीजेच्या आवाजावर अर्धा तास चर्चा होते. लेझरच्या वाट्याला एकच वाक्य येतं, "लेझर लावू नका." आणि रात्री लेझर लागतोच.

आमच्या जेऊरसारख्या गावातही आता ऑर्केस्ट्रा असो, वाढदिवस असो नाहीतर मिरवणूक, हिरवे-निळे किरण फिरल्याशिवाय कार्यक्रम झाला असं कुणाला वाटत नाही. पोरांना दोष देत नाही. दिसायला भारीच दिसतं ते. पण ते चालतं कसं, हे आपण कधी विचारत नाही.

स्टेजच्या लाइटची एक ठरलेली भाषा आहे, डीएमएक्स ५१२. १९८६ साली अमेरिकेत हे मानक आलं. एका केबलवर ५१२ चॅनेल, प्रत्येकावर ० ते २५५ असा आकडा. लाल किती, निळा किती, मूव्हिंग हेडनं कुठं वळायचं, सगळं आकड्यांत. लेझरही याच केबलला जोडता येतो. म्हणून ढोलाच्या ठोक्यावर सगळं स्टेज एकदम उजळतं.

घोटाळा इथंच आहे. टेबलावर लेझर बाकीच्या लाइटसारखाच एक लाइट दिसतो. तो तसा नाही. साध्या दिव्याचा उजेड पसरतो आणि लांब गेला की मंद होतो. लेझरचा किरण फारसा पसरत नाही, आणि डोळ्याचं भिंग त्याला पडद्यावर एका टिंबाएवढ्या जागी गोळा करतं. ५०० मिलिवॅटच्या वरचा लेझर क्लास ४ मध्ये, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गात मोडतो. मोठ्या शोचे लेझर याच वर्गातले. दचकून पापणी मिटायला साधारण पाव सेकंद लागतो. जोरदार किरण तेवढाही वेळ देत नाही. डोळ्याचा पडदा भाजला तरी दुखत नाही. माणूस नाचून घरी जातो, झोपतो, आणि नजरेच्या मधोमध डाग आलाय हे नंतर कळतं.

२०२४ च्या गणेशोत्सवात कोल्हापूरकडून मिरवणुकीतल्या लेझरनं डोळ्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या. पुण्यात त्याच वर्षी पोलिसांनी बंदीचा आदेश काढला. चांगलंच केलं. पण आदेशाची मुदत संपते, लेझर गोदामातच असतो.

आमच्या भागातल्या एका लाइटवाल्या पोराला विचारलं, "बंद कसा करतोस रे?"

"दादा, ब्लॅकआउट दाबायचा."

"आणि केबलच निघाली तर?"

तो हसला. "मग तो आपला आपण नाचतो."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. स्वस्तातले बरेच लेझर सिग्नल तुटला की आवाजावर चालू लागतात. गर्दीत कुणाचा पाय केबलला अडकला तर बाकीचे लाइट नुसते अडकून पडतील, लेझर मात्र मोकाट सुटेल. ब्लॅकआउट हा त्याच केबलवरून जाणारा निरोप. केबल गेली की निरोपही गेला. म्हणून लेझर थेट तोडणारं वेगळं लाल बटण लागतं, वेगळ्या वायरवर, ऑपरेटरच्या हाताशी. किरण अडकून एकाच जागी थांबला तर आपोआप बंद होण्याची सोयही लागते. अमेरिकेत तर प्रेक्षक उभे असतात त्या जमिनीपासून किरण किमान ३ मीटर वर ठेवायचा सर्वसाधारण नियम आहे. आपल्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांधलेला लेझर नेमका खांद्यावर बसलेल्या लेकराच्या डोळ्यांच्या उंचीला येतो.

म्हणून परवानगीच्या अर्जात चार ओळी वाढवा. लेझर आहे का, किती वॅटचा? किरण किती उंचीवर? लाल बटण कुठंय? चालवणार कोण? पोलीस, ग्रामपंचायत, मंडळ, कुणीही हे विचारू शकतं. पैसा लागत नाही.

बंदीचा आदेश जिथं असेल तिथं तो पाळा, त्यात दुमत नाही. जिथं नसेल तिथं सुपारी देण्याआधी लाइटवाल्याला एवढंच सांगा, "केबल काढून दाखव." लेझर थांबला नाही, तर तो परत गाडीत टाकायला लावा.