मोआबच्या वाटेवर दातांचा हिशेब

अमेरिकेस जाऊन आलेले आमचे इंदूरकर नायगरा पाहतात, स्वातंत्र्यदेवीच्या पायथ्याशी छायाचित्र काढून घेतात आणि परतल्यावर सहा महिने तेथल्या रस्त्यांची तारीफ करतात. मला मात्र तो देश दिसला तो एका एकोणचाळीस वर्षांच्या खटाऱ्यात बसून आणि त्या खटाऱ्याचे दात मोजता मोजता. नायगरा राहूनच गेला. त्याची खंत घरातील मंडळींना आहे, मला नाही.

माझा पुतण्या डेन्व्हर येथे असतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची सुमारे ५,४०० फूट. डेन्व्हर हे अख्खे शहर ५,२८० फुटांवर वसलेले आहे. म्हणजे हे लोक कळसूबाईच्या माथ्यावर भाजी आणायला जातात आणि तेथून पश्चिमेस पाहतात तो पुढे खरे डोंगर उभेच! अशा गावी पुतण्याने १९८५ सालचा टोयोटा पिकअप विकत घेतला होता. आधीच्या धन्याने त्याचे अंग चार इंच उचलून त्याखाली तेहतीस इंची टायर बसविले होते. मूळचे टायर सव्वाअठ्ठावीस इंचांचे. आमच्या सूनबाई त्याला ‘उंट’ म्हणत.

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही तिघे या उंटावर बसून यूटा प्रांतातील मोआबला निघालो. अंतर साडेतीनशे मैलांच्या वर. इडाहो स्प्रिंग्ज, जॉर्जटाउन अशी जुन्या खाणींची गावे मागे पडली आणि रस्ता सरळ आकाशाकडे चालू लागला. चढ शेकडा सहाच्या आसपास. आपल्या मानपूरच्या घाटापुढे काही फार नव्हे. परंतु मानपूरचा घाट चढून गेले की इंदूरचे सपाट माळ लागतात. हा चढ संपतो आयझेनहॉवर बोगद्यापाशी, ११,००० फुटांवर. १९७३ साली तो वाहतुकीस खुला झाला, १९७९ मध्ये शेजारचा दुसरा. येथे हवाच विरळ. दर हजार फुटांस इंजिनाची ताकद अदमासे शेकडा तीनने घटते, असा वाहनवाल्यांचा ठोकताळा आहे. आमच्या इंजिनाची जन्मजात शक्ती ११५ घोड्यांच्या आसपास. त्यांतले पस्तीस-चाळीस घोडे वाटेतच मेले.

पाचवा गिअर तर जॉर्जटाउनच्या आधीच सुटला होता. चौथ्यात इंजिन कण्हू लागले, तिसऱ्यात थरथरले, शेवटी दुसऱ्यात टाकून तिशीच्या वेगाने आम्ही चढलो. मागून सामानाने लादलेली अठरा चाकी धुडेसुद्धा आम्हांला ओलांडून गेली. उष्णतेचा काटा वर सरकत होता. पुतण्या बोलत नव्हता, सूनबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. बोगद्याच्या तोंडाशी त्या एवढेच म्हणाल्या, “काका, परतीला मी बसने येणार.”

पुढे व्हेल खिंड, ग्लेनवुडची घळई — १९९२ साली पुरा झालेला हा रस्ता नदीला धक्का न लावता कड्याला टांगला आहे — आणि मग कोलोरॅडो नदीच्या संगतीने ग्रँड जंक्शनपर्यंत उतार. डोंगर सरले, वाळवंट सुरू झाले. तेथे मला करमणूक म्हणून एक उद्योग सुचला. रस्त्याकडेला दर मैलाला हिरव्या पाट्या असतात. पुतण्याला म्हटले, काटा साठावर धर. मी मनगटावरचे घड्याळ पाहत बसलो. साठाच्या वेगास एक मैल साठ सेकंदांत सरायला हवा. आमचा सरला एक्कावन्नांत. पुन्हा मोजला, तेच. म्हणजे आम्ही प्रत्यक्षात सत्तरच्या वेगाने धावत होतो आणि काट्याला त्याचा पत्ता नव्हता.

येथे माझ्या जुन्या धंद्याविषयी सांगायला हवे. मी इंदूरच्या एका कापडगिरणीत रिंगखात्यात होतो. तेथे सुताचा नंबर बदलायचा म्हणजे साच्यावरचे चेंज पिनियन बदलायचे. दात दोन जास्त, सूत जाड. दात दोन कमी, सूत बारीक. त्यामुळे वेगाचा काटा खोटे बोलतो, तेव्हा दोष काट्याचा नसून कोठेतरी चाकाच्या मापाचा आहे, हे मला उमजायला वेळ लागला नाही. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त जमीन तोडते. पण तेवढी जमीन तोडण्यास इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. ट्रकच्या मागच्या आसात क्राउन आणि पिनियन अशी दातेरी जोडी असते. आमच्या ट्रकमध्ये क्राउनला ४१ दात, पिनियनला १०, प्रमाण ४.१०. चाक सव्वाअठ्ठावीसचे तेहतीस झाल्यावर हे ४.१० नुसते नावाला उरले, गुण ३.५२ चा. आधीच्या धन्याने उंटाला लांब पाय दिले होते आणि पोट मात्र बकरीचे ठेवले होते.

मोआब हे गाव लाल दगडाच्या कुशीत आहे. नदीकाठाने जाणाऱ्या रस्त्याने गेलो तेव्हा ऊन कलले होते आणि दोन्ही अंगांचे कडे तापल्या तव्यासारखे दिसत होते. १९५२ साली चार्ली स्टीन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञास या भागात युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि हे शेतकऱ्यांचे खेडे रातोरात खाणवाल्यांनी भरून गेले. धातू शोधणाऱ्यांनी जीपगाड्या घालून ज्या वाटा पाडल्या, त्याच पुढे हौशी लोकांच्या झाल्या. १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास येथे जीपवाल्यांची जत्रा भरते. तेथला दगड म्हणजे प्राचीन वाळूच्या टेकड्या गोठून झालेला; त्याला ‘निसरडा दगड’ म्हणतात, कारण घोड्यांचे लोखंडी नाल त्यावरून घसरत. रबरी टायर मात्र त्याला घोरपडीसारखे चिकटतात. वाटेच्या कडेला काळपट, खरबरीत अशी मातीची साय दिसते. ती सजीव आहे, सूक्ष्म जीवांनी विणलेली. तिच्यावर पाय पडला तर पुन्हा धरायला वर्षानुवर्षे लागतात. आमच्या सूनबाई या सायीला जपून एकेका दगडावर पाय ठेवीत चालत होत्या, तशी मी कोणाला देवळातही चालताना पाहिली नाही.

त्या चालत होत्या, कारण त्यांनी ट्रकमध्ये बसणे नाकारले होते. ‘फिन्स अँड थिंग्ज’ नावाच्या वाटेवर दगडाच्या पाठीवरून नाकासमोर खाली उतरायचे असते. तेथे ब्रेक फार दाबायचा नसतो. लहानात लहान गिअर टाकून इंजिनाने गाडी धरायची. आमच्या इंजिनाला ती धरवेना. पुतण्याचा पाय ब्रेकवर आणि मागची चाके क्षणभर सरपटली. फार नाही, हातभर. पण खाली उतरल्यावर त्याचे हात थरथरत होते आणि सूनबाई दार उघडून निमूटपणे बाहेर आल्या.

त्या रात्री मुक्कामाच्या जागी त्याने मला विचारले, “काका, दात बदलायचेच आहेत. कोणते घेऊ?” पैसे त्याने वर्षभर साठविले होते आणि ते एकदाच खर्चता येणार होते. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या आसाचे प्रमाण एकच लागते; नाहीतर चारही चाके जुंपताच दोन्ही आस एकमेकांशी भांडतात आणि मधले काहीतरी तुटते. म्हणून खर्च दुप्पट, आणि चूकही दुप्पट.

मला उत्तर देववेना. त्याचे कारण मी त्या रात्री प्रथमच कोणाला सांगितले. १९७९ साली रात्रपाळीत मी एका साच्यावर ४० ऐवजी ४२ दातांचे पिनियन चढविले. दिवा मंद होता, मी दात मोजले नाहीत, पिनियनवरचा पुसट आकडा वाचला. सकाळी वीस नंबरचे सूत एकोणीस नंबरचे निघाले. चौकशी झाली. माझ्या हाताखालच्या बदली पोराने चुकीचे पिनियन आणून दिले, असे ठरले. त्याची आठ दिवसांची मजुरी कापली गेली. मी उभा होतो, बोललो नाही. गिरणी पुढे बंद पडली, तो पोरगा कोठे गेला ठाऊक नाही. पुतण्या ऐकत होता. मग त्याने माझ्यासमोर कागद आणि पेन्सिल सरकविली. “तर मग या वेळी मोजून सांगा,” म्हणाला.

आम्ही मोजले. बाजारात तीन जोड्या मिळत होत्या. ४.५६ ने गुण ३.९१ वर येतो, मूळ ४.१० पर्यंत पोहोचतच नाही, म्हणून ती पहिल्यांदा बाद. उरल्या ४.८८ आणि ५.२९. पुतण्याचे मन ५.२९ वर होते, कारण उंचीवर जेवढे मिळेल तेवढे थोडे, आणि त्याच्या मित्रमंडळीत तोच आकडा मानाचा. मी म्हटले, ४.८८ म्हणजे ३९ आणि ८ दात, ५.२९ म्हणजे ३७ आणि ७. क्राउन तेवढाच ठेवून प्रमाण वाढवायचे म्हणजे पिनियनचे डोके बारीक करायचे, आणि मार सारा त्या डोक्यावर. शिवाय तू वर्षातून चारदा वाळवंटात जाणार, बाकीचे दिवस कचेरीत. पाचव्या गिअरात सत्तरच्या वेगाला ४.८८ वर इंजिन मिनिटाला २,९५० फेरे घेईल, ५.२९ वर ३,२०० च्या पुढे. रोज कानाशी एवढे ओरडणारे जनावर सूनबाईंना चालेल काय? ४.८८ वर गुण ४.१८ येतो, कारखान्याने दिला होता त्याहून किंचित बरा. पहिला गिअर, लहान रेंज आणि आस मिळून गुणाकार ३७ होता, तो ४४ होईल. उतारावर इंजिन गाडी धरील. त्याने बराच वेळ आकड्यांकडे पाहिले आणि ४.८८ खाली रेघ ओढली. टायर लहान करावेत, हा सूनबाईंचा चौथा उपाय खरे तर सर्वांत स्वस्त होता. पण त्याविषयी घरात बोलण्याची सोय नव्हती.

काम ऑक्टोबरात एका जाणत्या कारागिराकडे झाले. जुन्या टोयोटाची सोय अशी की, आसाचे दांडे बाहेर ओढले की क्राउन-पिनियनचा सबंध गोळा बाहेर येतो आणि टेबलावर ठेवून जुळविता येतो. त्याने दातांना पिवळा रंग फासला, फिरविले आणि उमटलेला ठसा पाहिला: दाताच्या मधोमध हवा, टोकाला नको, मुळाशी नको. दोन दातांमधला मोकळेपणा हजारांश इंचात मोजून तो पातळ चकत्या काढी आणि घाली. जुळवायला घेण्यापूर्वी त्याची परवानगी घेऊन मी नव्या पिनियनचे दात बोटाने मोजले. आठ. पुढचेही आठ. दोनदा मोजले. तो हसला नाही.

पहिल्या दिवशी वीस मैल सावकाश, मग थंड होऊ द्यायचे; पाचशे मैलांनंतर तेल बदलायचे. ते झाल्यावर ऑक्टोबर संपता संपता आम्ही पुन्हा निघालो. ॲस्पेन झाडे पिवळी होऊन झडली होती, शिखरांवर नवे हिम होते. जॉर्जटाउन गेले. चढावर पुतण्याने तिसरा गिअर टाकला आणि दुसऱ्यापर्यंत जाण्याची वेळ आलीच नाही. वेगवान गाड्या आम्हांला ओलांडतच होत्या, पण अठरा चाकी धुडे आता मागे राहिली. उष्णतेचा काटा मध्यावर बसून होता. सूनबाई मधल्या जागेवर होत्या. बोगद्यात शिरताना त्यांनी पिशवीतून शेवचिवड्याचा डबा काढला.

वाळवंट लागल्यावर मी घड्याळ सरसावले. काटा साठावर. पहिली हिरवी पाटी गेली, दुसरी आली.

“किती, काका?” पुतण्याने विचारले.

एकसष्ट सेकंद.