दोन्ही टोकांना उजेड

"पाणी तापंना झालंय, कॉईल गेली." ताडकळसात थंडी पडली की असे फोन सुरू होतात. काय बिघडलंय ते गिऱ्हाईकानं आधीच ठरवलेलं असतं. मी पिशवी उचलतो, पण नवी कॉईल सोबत नेत नाही. जवळ असली की बसवायचा मोह होतो.

त्याच दिवसांत हरभऱ्याला, गव्हाला पाणी चालू असतं. मोटारी ओढायला लागल्या की व्होल्टेज बसतं. २००० वॅटचा गिझर हा २३० व्होल्टचा हिशेब; १८० वर तो जेमतेम १२०० वॅट देतो. १५ लिटरला वीस मिनिटं लागायची, तिथं अर्धा तास जातो. अशा घरी मीटर लावून आकडा दाखवतो, चहा पितो आणि परत येतो. त्याचे पैसे मागायला माझी जीभ अजून रेटत नाही.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. धंद्यात नवा असताना एका काकूंच्या न्हाणीत गेलो. गिझरचा लाल दिवा बंद. तो उडाला असेल म्हणून सोडून दिला. झाकण काढून कॉईलच्या एका टोकाला टेस्टर लावला, पेटला. दुसऱ्या टोकालाही पेटला. लाईट येतेय म्हणजे कॉईलच गेली, असं म्हणत नवी टाकली. पाणी थंडच. दोन्हीकडे टेस्टर पेटणं हीच तर खूण होती: फेज कॉईलमधून पलीकडं निघत होता, पण परतीची वाट तुटली होती. बटण बंद करून सॉकेट खोललं, तर न्यूट्रलचा स्क्रू सैल, वायर जळून काळी. लाल दिवा बिचारा खरंच बोलत होता. जुन्या कॉईलला घरी मीटर लावला, २६ ओहम. ठणठणीत!

दुसऱ्या दिवशी पैसे परत द्यायला गेलो. काकूंनी ते घेतले नाहीत, कॉईल मात्र मागून घेतली. "चांगली हाय म्हणतूस ना? मग राहू दे मह्याजवळ."

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. तापलं की त्यातला चुना सुटतो आणि जिथं सगळ्यात जास्त गरम, तिथंच, म्हणजे कॉईलवर बसतो. मग टाकीतून शेंगा भाजल्यासारखी तडतड ऐकू येते. थर जाड झाला की उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉईल आतल्या आत भाजते. शेजारचा मॅग्नेशियमचा रॉड टाकीच्या बदल्यात स्वतः झिजत असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. मीही उशिरानं बघायला लागलो.

तीन वर्षांनी काकूंचा पुन्हा फोन. या वेळी आधी सॉकेट पाहिलं, मग मीटर लावला. काटा हलला नाही. कॉईल ओढून काढली, तर पांढऱ्या कवचाखाली नळी उभी फाटलेली. नवी आणायला निघालो, तेवढ्यात काकूंनी कोनाड्यातून फडक्यात गुंडाळलेली जुनी काढून पुढं ठेवली.